दुसऱ्या चढावर मारलेली हाक

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. मित्रांना सांगितली नाही, घरी तर नाहीच. आता तुम्हाला सांगतोय, कारण – खरं सांगू का – मी दमलोय. धावून आलेला थकवा दोन दिवसांत उतरतो. हा उतरत नाही.

डोंगरावरची मॅरेथॉन तुम्ही कधी धावलात का? आमची खारघरच्या डोंगरावर होती. घाटाचा रस्ता दोनदा चढायचा, दोनदा उतरायचा, मधे खाली सोसायट्यांमधून वळसा घालून यायचं. पहिला चढ धुक्यात गेला, त्यामुळे तो किती आहे ते कळलंच नाही. दुसऱ्या चढाला ऊन आलं. पाऊस संपून गेलेला, गवत टोकाला पिवळं पडायला लागलेलं. मागे वळलं की खाडी चमकताना दिसायची, दुसरीकडे तळोज्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, आणि लांब माथेरानचा निळा डोंगर. लोक थांबून फोटो काढत होते. मी काढला नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा ह्याच डोंगरावरून सरपण आणायची. तो मला फोटोसारखा कधी दिसलाच नाही.

मी बेलपाड्याचा, ह्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावातला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पहिल्या आठवड्यात वर्गात ‘आमी’ म्हणालो, तर मागच्या बाकावरून कुणीतरी तसंच म्हणून दाखवलं. वाईट हेतूनं नाही, गमतीनं. तेव्हापासून मी ‘आम्ही’ म्हणतो, प्रत्येक ‘ह’ जपून उच्चारतो. कबुली ह्याची नाही. पण सुरुवात तिथून झाली असावी – की मी उगीच कारण शोधतोय?

आई खारघरच्या टॉवरांमध्ये घरकाम करते. तिथे तिला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे ‘मावशी’ म्हणतात. शाळेतली पोरं म्हणतात, रिटायर झालेले आजोबाही म्हणतात. घरी आल्यावर ती हसून सांगते, “तो म्हातारा मना मावशी बोलतं. मी त्याची मावशी, तं माजा वय किती व्हयाला पायजे?” आम्हीही हसतो. मात्र कॉलेजात मी सांगितलं होतं, आई घरीच असते.

त्या दिवशी माझ्यासोबत अद्वैत धावत होता. माझ्याच वर्गातला, त्याच टॉवरांपैकी एकात राहणारा. चांगला मुलगा आहे. माझ्या पायातले बूटसुद्धा त्यानंच दिलेले, थोडे मोठे होत होते म्हणून मी दोन मोजे घातले होते. आईला मी येऊ नको म्हटलं होतं. लांब आहे, कंटाळशील, असं काहीतरी. तिनं मान डोलावली होती.

दुसऱ्या चढावर, वळणाच्या पुढे, पाण्याचं आणि उकडलेल्या बटाट्यांचं टेबल होतं. आयोजकांनी वाटपाला गावातल्या बायका लावल्या होत्या. पदरावरून सगळ्यांना नारिंगी टोप्या दिलेल्या. त्यांत आई होती. मला धावताना बघायला मिळावं म्हणून तिनं ते काम घेतलं होतं, हे मला तिला बघताक्षणी समजलं. मी तिला वळणावरूनच पाहिलं. म्हणजे अचानक समोर आली आणि गोंधळलो, असं मला म्हणता येणार नाही. चढावर माणूस सावकाशच धावतो. विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला होता.

तिनं ग्लास पुढे केला. चेहरा असा फुललेला की – जाऊ दे. ती मला ‘बाला’ म्हणते, अजूनही. तोंडातून ‘बा’ एवढंच निघालं असेल, आणि त्याच्या आत मी म्हणालो, “मावशी, पाणी द्या.”

तिचा हात थांबला नाही. हे मला सगळ्यात जास्त आठवतं. एखादीचा थांबला असता.

“घ्या, सायेब,” ती म्हणाली. “बटाटा पन घ्या, मीठ लावलाय.”

घ्या. मला.

अद्वैतनं बटाटा घेतला, तिच्याकडे बघून थँक यू म्हणाला. माझ्यापेक्षा तोच तिच्याशी बरा वागला. आम्ही निघालो तेवढ्यात आमच्या शेजारच्या बेबीकाकीचा आवाज आला, “आगो, यो तुजाच पोर ना?”

आणि आई म्हणाली, “नाय गो. माजा पोर यवरा गोरा कवा झाला?”

बायका हसल्या. अद्वैतही हसला. मी पुढे धावत राहिलो. पाय धावत होते, एवढंच.

संध्याकाळी घरी आलो तर तिनं मीठ घालून पाणी गरम करून ठेवलेलं. “पाय टाक,” म्हणाली. त्या टोपीचं, टेबलाचं, कशाचंच नाव काढलं नाही. मी तेव्हा बोलू शकलो असतो. घरात आम्ही दोघंच होतो. मी पाय टाकले. मेडल तिनं देवाजवळच्या खिळ्याला अडकवलं.

इथेच थांबलो तर तुम्ही म्हणाल, दमलेला होता, एका क्षणाची चूक. म्हणून पुढचंही सांगायला हवं.

परीक्षेच्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला. आई कामावरून मधेच निघून तो घेऊन पनवेलला, माझ्या कॉलेजवर आली. निरोप मिळाल्यावर मी गेटवर गेलो. चष्मा वॉचमनच्या हातात होता, तिच्या रुमालात गुंडाळलेला. ती रस्त्यापलीकडे जाऊन रिक्षाची वाट बघत उभी होती, कॉलेजकडे पाठ करून.

“तुमच्याकडं कामाला असतात ना, त्या बाई देऊन गेल्या,” वॉचमन म्हणाला.

तिनंच तसं सांगितलं होतं. मी तिला शिकवलं नव्हतं. नव्हतं का?

गेटवर दुसरं कुणी नव्हतं. अद्वैत नव्हता, वर्गातलं कुणी नव्हतं. ज्याच्यासमोर लाज वाटावी असं एकही माणूस नव्हतं, आणि ती हाकेच्या अंतरावर होती.

मी वॉचमनला “बरं” म्हणालो, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आत गेलो.