चिझुरुची पाच वाजताची धून

चिझुरु हामाओका शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. बसायची असं आपलं म्हणायचं. तिचे पाय सतत हलायचे आणि माझं बाक थरथरायचं. माझं अक्षर वाईट आहे ते त्यामुळे, हे मी नगरपालिकेत आजही सगळ्यांना ऐकवतो.

अठराव्या वर्षी ती गाणी करायला ओसाकाला निघाली. तिचे वडील, यासुकिचीकाका, डोंगरउतारावरच्या आपल्या संत्र्यांच्या बागेत जायच्या तयारीत होते. "गाणं म्हणून संत्री गोड होत नाहीत," एवढंच म्हणाले आणि कात्री घेऊन वर गेले. चोविसाव्या वर्षी तिनं स्वतः बांधलेलं आणि गायलेलं 'उलटा वारा' देशभर वाजलं, अगदी आमच्या मासळीबाजारातही. टीव्हीवर ती दिसली की काकू आवाज मोठा करायच्या आणि काका गोदामात संत्री निवडायला निघून जायचे.

दुसरं गाणं पडलं. तिसरं कोणी ऐकलंच नाही. मग ती दुसऱ्यांसाठी चाली बांधत राहिली. कोवळ्या पोरींच्या ताफ्यांसाठी, शाम्पूच्या जाहिरातीसाठी, सुपरमार्केटात अंडी घेताना वाजतं ना, त्यासाठीसुद्धा. पुढे ती टोकियोला गेली, तिथे एकोणीस घरं बदलली. लग्नं दोन केली. "दोन्ही दुसऱ्या कडव्याआधीच संपली," असं हसत सांगते. काकू गेल्या तेव्हा साठी ओलांडलेली चिझुरु दोन बॅगा घेऊन गावात परत आली. काका शहाऐंशीचे होते.

आमच्या गावात रोज संध्याकाळी पाचला, घरी परतायची वेळ झाली हे कळावं म्हणून, खांबांवरच्या भोंग्यांतून धून वाजते. ते यंत्र नगरपालिकेत, माझ्या ताब्यात. जुनी धून फारच खरखरायला लागली तेव्हा नगराध्यक्षांनी ठरवलं, नवी चिझुरुनं बांधावी. दहा दिवस वाजवून बघायची, लोकांनी कुरकुर केली तर साधी घंटा लावायची. चिझुरुला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या टेबलावर बोटांनी ताल धरून बसायला लागली, आणि मला पुन्हा शाळा आठवली.

धून झाली झकास. ऑफिसात ऐकली तर पाय आपोआप हलले. पहिल्या दिवशी पाचला मी बटण दाबलं आणि खिडकी उघडली. बाहेर नुसता गोंधळ. बंदरावरचा भोंगा पुढे, शाळेवरचा मागे, त्यात डोंगरावरून आपटून येणारा आवाज तिसराच. तीन गाणी एकमेकांत अडकल्यासारखी वाटत होती. फोन सुरू झाले. कुत्री भुंकतायत, म्हणाले. मासेवाल्याची गाडी आली समजून आम्ही भांडी घेऊन धावलो, म्हणाले.

सव्वापाचला चिझुरुचा फोन आला. "शिगे, बाबा खाली आले नाहीत."

काका घड्याळ वापरत नाहीत, फोन स्वयंपाकघरात ठेवतात. पाचची धून ऐकली की कात्री खिशात घालून उतरायचं, हा पन्नास वर्षांचा नेम. नोव्हेंबरात त्यानंतर अर्ध्या तासात उतारावर पायाखालचं दिसत नाही. गेल्या वर्षी थोडा उशीर झाला तर घसरून मनगट मोडलं होतं.

आम्ही टॉर्च घेऊन चढलो. काका वरच्या बांधावर संत्री तोडतच होते.

"काका, पाच कधीच वाजले," मी म्हणालो.

"कुठे वाजले?"

"बाबा, मी सांगितलं होतं ना, नवी धून आहे. वाजली की."

"ती होय? मला वाटलं कोण लॉरीवर गाणं लावून चाललाय." त्यांनी कात्री खिशात घातली. "आणि मला न्यायला कोणी वर यायचं नाही. मी काय लहान आहे?"

खाली आल्यावर मी चिझुरुला म्हणालो, "जुनी खरखर परत लावतो. म्हाताऱ्याचा जीव जाईल तुझ्या कलेपायी."

"नऊ दिवस आहेत अजून."

"आणि नऊही दिवस ते वर राहिले तर?"

"मी रोज जाऊन आणीन. ते शिव्या देतील. देऊ देत."

मला तिचा राग आला होता, खरं सांगतो. पण दुसऱ्या दिवशी पाचला ती काकांच्या बागेत, ते तोडत होते तिथेच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात, चौथ्या दिवशी बंदरावर. रोज सकाळी माझ्याकडे येऊन धुनेतले सूर काढून टाकायची. आधी मधले झोके गेले, मग ताल गेला. जन्मभर तिनं गाण्यात भरच घातली होती. काढणं तिला जमत नव्हतं. एकेका सुरापाशी नखं खात बसायची, उठायची, खिडकी उघडायची, लावायची.

"मी नुसती घाई केली रे," सातव्या दिवशी ती म्हणाली. "डोंगराचं उत्तर येईपर्यंत थांबलेच नाही."

शेवटी नऊ सूर उरले. एक वाजायचा, डोंगरावरून परत यायचा, मग दुसरा. मला ते फारच थोडं वाटलं. काका मात्र नवव्या दिवसापर्यंत आपणहून उतरले नव्हते. रोज ती वर जायची आणि बोलणी खायची.

दहाव्या दिवशी तिनं वर जायचं नाही असं ठरवलं. तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो. बटण दाबायला धाकट्या कारकुनाला बसवून मी तिच्याबरोबर उताराच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. पाचला पहिला सूर आला, गेला, डोंगरावरून फिरून आला. नऊही सूर झाले. वर काहीच हललं नाही. चिझुरु रस्त्यावर येरझाऱ्या घालत होती. मी टॉर्च काढला.

"थांब," ती म्हणाली. "अजून थोडं."

मग झाडांत पानं सरकली. काका बांधाला हात लावत लावत खाली आले. आम्हाला बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"काय उभे आहात दोघं रिकामटेकडे? पाच वाजले." आणि घराकडे चालायला लागले.

चाळीस वर्षांत या माणसानं तिचं एक गाणं पुरतं ऐकलं नव्हतं. मी टॉर्च परत खिशात टाकला. चिझुरुनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"विचार ना, आवडली का म्हणून," मी म्हणालो.

"वेडा आहेस का? काम टाकून आले ते."

आणि ती त्यांच्या मागे निघाली, त्यांच्याच सावकाश पावलांनी, पुढे न जाता.