व्लास्ताबाईंच्या पंगतीतले सात उपाशी

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या व्लास्ता पेशकोवाबाईंनी पार्दुबित्से शहरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक केला. रोज चारशे मुलं. खरकट्या ताटांच्या खिडकीशी त्या स्वतः उभ्या राहायच्या आणि अर्धं भरलेलं ताट संपवायला परत पाठवायच्या. शेपूच्या पांढऱ्या सॉसचा दिवस असला तरी. निवृत्त होताना त्यांनी भाषणात एवढंच सांगितलं होतं, "माझ्याकडून उपाशी कुणी गेलं नाही."

त्यांच्या नवऱ्याला, ओटाला, साप पाळायचा नाद. निरुपद्रवी, नारिंगी ठिपक्यांचे. दहा वर्षं वाट पाहिल्यावर यंदा ऑगस्टमध्ये त्याच्या मादीच्या अंड्यांतून सात पिल्लं निघाली आणि चौथ्याच दिवशी ओटाला खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या तीन आठवड्यांच्या आरामासाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर जावं लागलं. जाताना दारात काठी टेकून तो म्हणाला, "पहिली कात टाकली की एकेक छोटा उंदीर दे. फ्रीजरमध्ये आहेत, डम्पलिंगच्या मागे."

"चारशे पोरं जेवू घातली मी," व्लास्ताबाई म्हणाल्या. "ही तर सात आहेत. जा तू."

सातांनी कात टाकली, पण एकानेही तोंड लावलं नाही.

पनीरच्या रिकाम्या डब्यांत एकेक पिल्लू, प्रत्येकापुढे कोमट पाण्यात नरम केलेला गुलाबी, बिनकेसांचा उंदीर, दुपारचे ठीक बारा, आणि वर व्लास्ताबाई, कमरेवर हात ठेवून. संध्याकाळी उंदीर तसाच. रविवारी त्यांनी कोंबडीचा रस्सा केला आणि उंदीर त्यात बुडवले.

"मीठ घातलंत?" मी विचारलं. केकचा डबा परत द्यायला गेले होते.

"चिमूटभर. अळणी कोण खातं?"

बुधवारी मला जेवायला बोलावलं. टेबलावर माझं ताट आणि समोर अर्धगोल मांडलेले सात डबे.

"शेजारी कुणी खात असलं की भूक लागते," त्या म्हणाल्या. "एक मुलगा दोन वर्षं नुसता पाव खायचा. त्याला एका खादाड मुलीशेजारी बसवला, महिन्यात सुधारला. घ्या अजून. आणि नीट चावा, त्यांना दिसू दे."

"साप चावत नाहीत, व्लास्ताबाई."

"म्हणूनच ही गत आहे!"

मी दोन ताटं संपवली. पिल्लांनी बघितलं असेल नसेल, मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

ओटाचा फोन रोज सहाला यायचा. "जेवली?" "जेवली." पहिल्या दिवशी व्लास्ताबाईंना वाटलं होतं, उद्या जेवतीलच, आज कशाला सांगा. मग उद्याचं परवा झालं. दहाव्या दिवशी ओटाला तपशील हवे होते, तेव्हा तिसऱ्याने दुसरा उंदीर मागितला असं त्या सांगून बसल्या. ओटाने ते पाण्याच्या हौदातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगितलं.

इकडे सातवं पिल्लू बुटाच्या नाडीसारखं झालं होतं. पाठीवर कातडीची सुरकुती पडायला लागली.

चौदाव्या दिवशी व्लास्ताबाई सपाता घालून माझ्या दारात आल्या आणि स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "ते मरेल," म्हणाल्या. "ओटाचं पहिलंवहिलं. माझ्या हातून मरेल."

"ओटाला सांगा ना."

"काय सांगू? मला जेवू घालता येत नाही म्हणून?"

पण सहाला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि सगळं सांगितलं, रश्शातल्या मिठासकट. मग ओटाचा आवाज आला, माझ्यापर्यंत ऐकू येईल एवढा मोठा.

"उंदीर ठेवल्यावर तू काय करतेस?"

"उभी राहते."

"किती वेळ?"

"खाईपर्यंत! म्हणजे, कंटाळा येईपर्यंत."

ओटा इतका हसला की मागे कुणी तरी त्याला दटावलं. "अगं, वीतभर पिल्लं ती. त्यांना वाटत असेल, वर उभी आहे ती आपल्यालाच खाणार. डब्यात कागदाचे कपटे टाक, उंदीर ठेव, झाकण लाव, वर टॉवेल घाल, आणि सकाळपर्यंत घराबाहेर जा."

"घराबाहेर? शेजारच्या खोलीत बसते की."

"तुझ्या बाबतीत घराबाहेरच."

सगळं तसंच करून किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, स्वतःचा भरवसा नव्हता म्हणून. माझ्याकडेही बसवेना. जिन्यात पायरीवर जाऊन बसल्या, माझं दार उघडंच होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कोउत्नी बिअरचा जग घेऊन आले. पन्नाशीचे, ट्रॉलीबस दुरुस्त करणारे, लहानपणी व्लास्ताबाईंच्याच शाळेत शिकलेले.

"किल्ली हरवली?"

"नाही. आत जेवणं चाललीयत."

"मग तुम्ही बाहेर कशा?"

"मी असले की जेवत नाहीत."

कोउत्नी जरा थांबले. "आम्ही तरी कुठे जेवायचो? दप्तरात पिशवी असायची. तुम्ही वळलात की बटाटे आत, शेपू आत, आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्याला."

"तू एकटा."

"अख्खा वर्ग, बाई. कुत्रा मरेस्तोवर." त्यांनी जग सांभाळला आणि पायऱ्या चढून गेले.

व्लास्ताबाई उठून आत आल्या. माझ्या कोचावर आडव्या झाल्या, पण झोपल्या नाहीत, एवढं मला ऐकू आलं.

सकाळी टॉवेल मीच उचलला. सहाजणांच्या अंगाच्या मधोमध फुगवटा. सातव्याचा उंदीर तसाच, आणि पिल्लू कपट्यांखाली दडून. व्लास्ताबाईंनी दुसरा उंदीर कोमट केला, रस्सा नाही, काही नाही. टॉवेल पांघरला आणि मी मागायच्या आत किल्ली काढून दिली. तो दिवस त्यांनी गावाबाहेरच्या बागेत प्लम वेचत काढला, आणि रात्र पुन्हा माझ्या कोचावर.

दुसऱ्या सकाळी सातव्यालाही गाठ मारल्यासारखं पोट आलं होतं. त्यांनी ओटाला फोन लावला.

"जेवलं. सातवंसुद्धा."

"खरं?" ओटा म्हणाला. "का तिसऱ्याने पुन्हा दोन मागितले?"

व्लास्ताबाईंनी फोन माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा. माझं कोण ऐकणार आता?"

"जेवलंय," मी म्हटलं. "पोट मोठं दिसतंय."

ओटा काही तरी विचारत होता, लांबी, रंग. मी डब्यात वाकून सांगत होते. मागे वळले तर व्लास्ताबाई नव्हत्या. आतल्या खोलीत गेल्या होत्या, आणि पिल्लांना आपण दिसू नये म्हणून दार त्यांनी ओढून घेतलं होतं.