यादीत नसलेलं नाव

अकोल्यात मुलीच्या हळदीला पुतण्यानं एआयकडून गाणं बनवून आणलं. त्यात पाहुण्यांची नावं होती. यादी मी, नवरीच्या बापानंच, दिली होती, म्हणून बोटांवर मोजली. सव्वीसच्या सव्वीस भरली. तरी कुणाचाच नसलेल्या त्या गोड आवाजावर माझा विश्वास बसेना.

"मावशीआजी, आता तुमाले सुट्टी," पुतण्या म्हणाला.

हळदीची गाणी म्हणायला खास अंजनगावहून आलेली माझी मावशी हसली. "मंग हळद त्या मोबाईललेच लाव ना बापा!"

तीन मिनिटांत गाणं संपलं. हळद लावणाऱ्या बाया अजून रांगेतच होत्या, म्हणून मावशीनं आवाज लावला. तेवढ्यात माझी मोठी बहीण मांडवाच्या दाराशी दिसली. शेताच्या वाटणीवरून चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं. मुलीनं परस्पर बोलावलं म्हणून ती आली होती, पण मला पाहून परत वळली. मावशीनं पुढच्याच ओळीत तिचं नाव घेतलं आणि आत्याशिवाय हळद चढत नाही, असं गायलं. बहीण आत आली.

"तेही नाव टाकता आलं असतं," पुतण्या नंतर म्हणाला.

आलं असतं. पण यादी माझी होती, आणि मी ते दिलं नसतं.