डबलबेल दादांनी बस सोडली

आमच्या शेजारचे डबलबेल दादा कंडक्टरकीतून निवृत्त झाले, पण अंगातला कंडक्टर अजून ड्यूटीवर आहे. लिफ्टमध्ये तिघं असले तरी म्हणणार, "मागं जागा आहे, आत सरका!" माणूस लाख मोलाचा, पण कुठंही पोचलं की निघायची घाई. वहिनींनी आजवर पाहिलेली सगळी प्रेक्षणीय स्थळं मान मागे वळवूनच पाहिलीत.

लेकीनं दोघांना बोटीच्या सहलीला पाठवलं. असली मजा मी सोडते होय? मीही चिकटले. बोट रोज नव्या बंदराला लागायची. धक्क्यावरून बस गाव दाखवायला न्यायची आणि बोट सुटायच्या आत परत आणायची. उशीर करणाऱ्यासाठी बोट थांबणार नाही, हे रोज बजावायचे.

एका बंदरात राजवाडा होता. परतताना दादा बसच्या दाराशी उभं राहून एकेकाला वर घेत होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी. शेवटचे आजोबा चढले, दादाही चढले आणि सवयीनं पत्र्यावर धाडधाड दोन थापा! ड्रायव्हरला आमची भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण थापा बरोब्बर कळल्या. बस सुसाट निघाली.

"बघितलंस? जगात कुठंही जा, डबलबेल ती डबलबेल!"

"ते खरं हो दादा, पण वहिनी कुठायत?"

दादांचा चेहरा पिठासारखा पांढरा. त्यांनी पुन्हा पत्रा बडवला. ड्रायव्हरनं आणखी वेग घेतला.

"अहो, एकदाच वाजवा! एक म्हणजे थांबा ना?"

"एकदाच कसं वाजवू? हात थांबतोय कुठं!"

बस थांबली ती थेट धक्क्यावर. बोटीचा भोंगा वाजत होता. दादांनी शिडीच्या तळाशी बसकण मारली. "तिचा फोनही माझ्याच खिशात. ती नाही आली तर मीही चढणार नाही." खलाशी विनवत होता, मीही दंडाला धरून ओढत होते, पण दादा जागचे हलेनात.

तेवढ्यात बोटीला भाजी पुरवणारा टेम्पो आला. पुढच्या सीटवर, कोबीचा गड्डा मांडीवर घेऊन, वहिनी! राजवाड्याच्या माळ्यानं त्यांना टेम्पोत बसवून दिलं होतं.

"अगं, केवढा घाबरलो मी!" दादांचे डोळे भरलेले.

"मी नाही घाबरले. आरसेमहालात चांगली बसले. चला-चला करणारं कुणी नव्हतं, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

दादांनी खिशातला फोन काढून वहिनींच्या हातात ठेवला. मग हळूच म्हणाले, "उद्या तू म्हणशील तेव्हाच निघायचं."

दुसऱ्या दिवशीच्या बंदरात एक दीपगृह होतं. वहिनी बघतायत, बघतायत, बघतच बसल्यात. दादा शेजारी, त्यांची पर्स मांडीवर घेऊन. शेवटी माझ्याच पायांना मुंग्या आल्या.

"वहिनी, चला की आता!"

तर दादा माझ्यावरच डाफरले, "कसली घाई असते गं तुला? बघू दे तिला!"