यादीत नसलेलं पाणी

रियाधच्या अल मलाझ भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, भर जुलैत, खिडकीतला एसी पूर्ण जोरात लावून, अंगात गुडघ्यापर्यंतचा तपकिरी लोकरी कोट, गळ्यात मफलर आणि कमरेला दोर बांधून माझे बाबा सोफ्याच्या पाठीवर तोल सावरत उभे आहेत... दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला आहे, मी दहा वर्षांची आहे, आणि गालिच्याला चुकूनही पाय लागला तर आम्ही दोघं हजार फूट खाली हिमदरीत जाणार आहोत. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालंय. आत हिमवादळ घोंघावतंय. स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास येतो आणि पाठोपाठ आईचं एक वाक्य, "उतरा आता, पोळ्या निवतायत," आणि साहेबांच्या मोहिमेतला आणखी एक थोर दिवस संपतो.

हे साहेब आमच्या घरी आले ते एका जेवणाच्या टेबलामुळे. कुणी परदेशी माणूस नोकरी संपवून कायमचा मायदेशी निघाला, की घरातलं सगळं सामान दारात मांडतो आणि ओळखीपाळखीचे लोक येऊन ते उचलून नेतात, ही तिथली जुनी रीत. बाबांच्या बांधकाम कंपनीतला एक म्हातारा इंग्रज इंजिनिअर असाच निघाला होता. आईनं बाबांना टेबल आणायला पाठवलं. बाबा परतले ते लोकरी कोट, तागाचा अंगठ्याएवढा जाड दोर आणि विटेएवढं जड पुस्तक घेऊन.

"टेबल?" आईनं विचारलं.

"टेबलाची उंची अडीच फूट," बाबा म्हणाले. "हिमालयाची एकोणतीस हजार."

त्यानंतर दोन दिवस आई बाबांशी फक्त माझ्यामार्फत बोलत होती.

त्या पुस्तकाला तंबाखूचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि कुठल्यातरी दमट, थंड, आम्ही कधीही न पाहिलेल्या घराचा वास होता. आत हिमालयावर गेलेल्या जुन्या इंग्रज गिर्यारोहकांच्या मोहिमा होत्या – काळीपांढरी छायाचित्रं, तोंडात पाइप, तळाला खिळे ठोकलेले बूट, भाजी आणायला जावं तसले कोट... अशा कपड्यांत ही माणसं पृथ्वीच्या छपरावर निघाली होती आणि तंबूत बसून घरी पत्रं लिहीत होती, की इथे थोडी थंडी आहे, बाकी ठीक. या 'थोडी थंडी'वर माझे बाबा फिदा होते. दिवसभर कंपनीच्या गोदामात सिमेंटची पोती आणि नळाच्या तोट्या मोजणारा हा छत्तीस वर्षांचा स्टोअरकीपर संध्याकाळी पुस्तक उघडायचा आणि इंग्रजीतून थेट मराठीत, हातवारे करत, वाऱ्याचे आवाज तोंडानं काढत साहेबांना आमच्या गालिच्यावर उतरवायचा. मी शेर्पा. मला मोहिमेत बोलायची परवानगी नव्हती. नेत्याशी वाद घालायचा नाही, हा पहिला नियम.

मला ते सगळे आवडायचे, आणि म्हणूनच मला एका पानाची भीती वाटायची. त्या पानावर प्रचंड पांढऱ्या उताराचं चित्र होतं आणि त्यावर दोन ठिपके. ठिपके म्हणजे दोन माणसं. ती ढगात शिरली आणि परत आली नाहीत, एवढंच खाली लिहिलेलं. बाबा तिथं पोचले की आवाज खाली आणत, थांबत... आणि मी कानांवर हात ठेवायचे. शेवटी एका दुपारी मी भाताची शितं बोटांनी चिरडली आणि ते पान त्याच्या आधीच्या पानाला चिकटवून टाकलं. दोन माणसं ढगात शिरायच्या आतच मोहीम संपली. बाबा म्हणाले, "साहेबानं मुरांबा सांडलेला दिसतोय." मी मान डोलावली. पण चिकटवलेली पानं जाड लागतात, आणि त्या जाडीत ते ठिपके अजून चढतायत, हे मला कळत होतं.

आमच्या घरी साहेबांची अजिबात भीड नसलेला एकच माणूस यायचा – दाऊदकाका. ते दापोलीकडचे, बाबांच्याच कंपनीत ड्रायव्हर, सडसडीत, लहानपणी सुपारीच्या झाडांवर चढून वाढलेले. ते गुडघ्यावर बशी ठेवून चहा पीत ऐकायचे आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचे.

"साहेब चढला ते समजलं वसंतभाऊ. सामान कोणी नेलं?"

"हमाल होते की. शंभरेक."

"त्यांचा फोटो?"

बाबा पानं उलटायचे. हमालांचा फोटो होता, नावं नव्हती. "आपल्यासारखेच मग," दाऊदकाका म्हणायचे आणि उरलेला चहा बशीत ओतायचे.

पुस्तकाच्या शेवटी एक परिशिष्ट होतं, आणि खरा घात तिथं दडला होता. त्यात वरच्या छावणीवर न्यायच्या सामानाची यादी होती. मोहिमेचं शौर्य बाबांना आवडायचं, पण या यादीवर त्यांचं प्रेम होतं, कारण ती एका स्टोअरकीपरनं दुसऱ्या स्टोअरकीपरसाठी लिहिल्यासारखी होती. गोदामात त्यांचा एकच कायदा चालायचा – जे यादीत नाही ते फाटकाबाहेर जात नाही. त्यांनी ती यादी मराठीत उतरवून काढली. दोर, स्टोव्ह, रॉकेल, किटली, चहा, साखर, दुधाची पावडर, बिस्किटं, मेणबत्त्या. ब्रँडीच्या जागी आमसुलाचं सार, एवढाच काय तो बदल.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, पहाटेच्या फजरच्या अजानीबरोबर, बाबा, दाऊदकाका आणि मी खऱ्या मोहिमेवर निघालो. रियाधच्या पश्चिमेला वाळवंट एकदम तुटतं. तुवैकचा तो लांबच लांब कडा मैलोन्‌मैल भिंतीसारखा उभा आहे. त्यात एक जुनी, उंटांची म्हणतात ती, पायवाट आहे. तिनं वर जायचं, कड्यावर चहा करायचा आणि परत. दाऊदकाकांची अट एकच, "जुम्म्याच्या दुपारच्या नमाजाला मी खाली पाहिजे." पहाटेची हवा काचेसारखी थंड होती, दगडांना लोखंडाचा वास होता, आणि कोट घातलेले बाबा इतके खूश होते की शीळ घालत होते.

पायथ्याशी त्यांनी डिकी उघडली आणि वही काढली. एकेक वस्तू पिशवीत, एकेक खूण वहीत. डिकीत शेवटी आईनं भरून दिलेला तोटीचा मोठा वॉटर कूलर उरला. बाबांनी वहीवरून वरून खाली बोट फिरवलं.

"यादीत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी डिकी लावली.

मी पाहत होते. मी शेर्पा होते. मी काही बोलले नाही. दाऊदकाका पुढं वाट बघायला गेले होते. पाणी पिशवीत असणारच, असं त्यांनी धरलं. पाण्याशिवाय कोण निघतं?

वर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. कड्याच्या टोकावरून खाली पाहिलं तर गाडी काड्यापेटीएवढी, आणि त्यापलीकडे काही नाही... नुसतं पिवळं, सपाट, आवाज नसलेलं. बाबांनी स्टोव्ह पेटवला. स्टोव्हचा फरफराट त्या शांततेत फार मोठा वाटला. त्यांनी किटली वर ठेवली, चहाचा डबा उघडला, हात मागं केला आणि म्हणाले, "पाणी."

कुणी हलेना. रिकामी किटली तापू लागली, तिचा वास येऊ लागला.

"वसंतभाऊ," दाऊदकाका हळू म्हणाले, "पाणी घेतलं नाय?"

बाबांनी वही काढली. खरंच काढली. बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला, कारण त्यांना त्या क्षणी समजलं की साहेबांच्या यादीत पाणी का नव्हतं. साहेबांच्या चारी बाजूंना बर्फ होतं. हवं तेव्हा भांडं भरायचं आणि वितळवायचं.

"बरं," दाऊदकाका म्हणाले. "आता बर्फ पडेपर्यंत थांबायचं, की जाऊ या?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. शरमलेला माणूस घाई करतो. आल्या वाटेनं तासभर लागेल, पोरीला तहान लागलीय, म्हणून बाबांनी समोरच्या घळीतून सरळ गाडीच्या दिशेनं उतरायचं ठरवलं. आमसुलाचं सार तिघांत दोन दोन घोट निघालं. त्यातल्या मिठानं तहान वाढलीच. घळ आधी रुंद होती, मग अरुंद झाली, मग संपली, आणि आम्ही हातभर रुंदीच्या एका कंगोऱ्यावर आलो. खाली सरळ भिंत. वर, जिथून घसरत आलो होतो, तो गुळगुळीत दगड. बाबांनी आम्हा तिघांच्या कमरांना दोर बांधला, चित्रातल्यासारखा, आणि मग ते थांबले. पाठ दगडाला, हात दोन्हीकडे पसरलेले. त्यांचे गुडघे कोटाच्या आत थरथरत होते. दोरातून ती थरथर माझ्या पोटापर्यंत येत होती.

"बाबा?"

"मला जमणार नाही," ते म्हणाले. पुस्तकात हे वाक्य कुठंच नव्हतं.

दाऊदकाकांनी चपला काढून खाली टाकल्या. त्या पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. "आधी हा दोर सोडा," ते म्हणाले. "एक गेला तर तिघं जातील. मी पोरीला खाली ठेवून येतो. तुम्ही हलू नका. खाली बघू नका. काय वाटलंच तर साहेबाला शिव्या घाला." त्यांनी डोक्याच्या रुमालानं मला पाठीशी आवळून बांधलं. ते माझ्याशी सबंध वेळ गावच्या सुपारीबद्दल बोलत उतरले, कुठल्या झाडावर मुंग्या, कुठल्यावर मधाचं पोळं, आणि मी त्यांच्या घामट मानेत तोंड खुपसून आपल्या जिभेचं चामडं झालंय एवढंच अनुभवत होते.

खाली त्यांनी मला पाणी पाजलं, एक बाटली भरून माझ्या हातात दिली, दुसरी कमरेला खोचली, "इथून हलायचं नाय," म्हणाले आणि परत वर निघाले. मी गाडीला टेकून वर पाहिलं.

तो उतार, तो रंगहीन प्रकाश, आणि त्यावर दोन ठिपके. एक हलणारा, एक न हलणारा. शितं, पान, चिकटवणं... काहीही उपयोग झाला नव्हता. हलणारा ठिपका एका सुळक्यामागं गेला आणि दिसेनासा झाला. मी मोजायला लागले, शंभरापर्यंत, पुन्हा शंभरापर्यंत. मला आईचं नाव आठवेना. आणि मग वरून काहीतरी सुटलं – काळपट, हातपाय पसरलेलं, वाऱ्यात उलटंपालटं होत, कड्याला एकदा आपटून ते खाली आलं आणि दगडांमागं पडलं.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. तोंडात कसली तरी गंजकी चव होती, आणि पाण्याची बाटली मी इतकी घट्ट धरली होती की नंतर ती माझ्या हातातून सोडवावी लागली.

तो कोट होता. उतरताना पायांत येतो म्हणून दाऊदकाकांनी बाबांना काढायला लावला आणि फेकून दिला. अर्ध्या तासानं बाबा नुसत्या सदऱ्यावर, कोपरं सोललेली, एका दगडावरून दुसऱ्यावर बसत बसत खाली आले. ते कूलरच्या तोटीखाली तोंड लावून प्यायले. पाणी छातीवरून वाहत राहिलं. जुम्म्याची वेळ टळली होती. दाऊदकाकांनी उरलेल्या पाण्यात हातपाय-तोंड धुऊन वजू केला आणि गाडीच्या सावलीत एकट्यानंच नमाज पढला.

परतताना गाडीत मी बाबांना म्हटलं, "परत कधी वर जाणार नाही म्हणा. गळ्याशपथ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दोन बोटं माझ्या गळ्याला लावली. "गळ्याशपथ."

आणि ती त्यांनी पाळली. पुस्तक फळीवरून पेटीत गेलं. पुढं आम्ही पुण्याला परतलो. नातेवाईक सिंहगड चढायचे, तेव्हा बाबा पायथ्याशी टपरीवर चपला सांभाळत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, गुडघे. मला कारण ठाऊक होतं. माझ्या भीतीनं एका माणसाचा हिमालय काढून घेतला होता, आणि हे ओझं मी चांगली तीस वर्षं बाळगलं – लग्नांत, बारशांत हा किस्सा रंगवून, सगळ्यांना खदखदून हसवून, शेवटचा भाग न सांगता.

बाबांच्या अखेरच्या आजारपणात एकदा मी धीर केला. त्यांची नखं कापत होते. म्हटलं, "बाबा, त्या शपथेतून मी तुम्हाला सोडलं."

"कुठल्या?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "वेडी आहेस. तू शपथ घातलीस म्हणून सुटलो मी. नाहीतर पुढच्या शुक्रवारी अब्रू राखायला परत जावं लागलं असतं." आणि पाय पुढं केला, "अंगठा राहिलाय."

ते खरं बोलले, की माझ्यासाठी बोलले, मला कळलं नाही. विचारायला पुढं दिवस मिळाले नाहीत.

नवऱ्याच्या नोकरीनिमित्तानं मी पुन्हा रियाधमध्ये राहते. आता मी स्वतः गाडी चालवते. थंडीत कधी शुक्रवारी एकटीच तुवैकच्या पायथ्याशी जाते. तिथं हल्ली तरुण मुलंमुली येतात, डोक्यावर हेल्मेटं, रंगीत दोर, आणि भराभर वर चढतात. लहानपणीच्या जागा मोठेपणी लहान वाटतात म्हणतात. हा कडा नाही वाटत. मी काच खाली करून बसते, वर दिसणारी डोकी मोजते, आणि त्यांतल्या शेवटच्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत मला गाडी सुरू करवत नाही.