कच्च्या रंगाचा गालिचा

अगं, इकडे ये. तशी लांब नको बसूस. मला हल्ली कमी ऐकू येतं आणि तुझं बोलणं म्हणजे पळत सुटलेलं. जवळ ये आणि आधी बोलणी खा. जुना गालिचा घेतलास, हौसेनं घेतलास, ठीक. पण कुणाला न विचारता बादलीत बुडवलास? वर बाथरूमच्या पांढऱ्या लाद्यांवरून लाल पाणी वाहतंय, त्याचा फोटो काढून मला पाठवलास! खाली हसरी तोंडं! तो फोटो नुसता बघितला आणि फोन पालथा घालून ठेवला मी.

कशामुळे ते ऐक आता.

आम्ही फणसवाडीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. एकच खोली, कोपऱ्यात मोरी, मोरीवर लाकडी पोटमाळा. वडील गेल्यावर आई गालिचे दुरुस्त करून घर चालवायची. काळबादेवीला एका गुजराती शेठचं दुकान होतं, तिथून हमाल डोक्यावर वळकट्या घेऊन यायचा. इराणचे, काश्मीरचे, मिर्झापूरचे, पार बुखाऱ्याकडचे. कुठे उंदरानं कुरतडलेलं, कुठे झालर उसवलेली. आई तशीच लोकर शोधून गाठ न् गाठ भरायची. माझा भूगोल शाळेत कच्चा, पण गालिच्यांवर लोळून पक्का झाला.

तो काळ संयुक्त महाराष्ट्राचा. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, घोषणा देऊन देऊन बसलेला घसा घेऊन घरी यायचा. शेजारच्या काकू आईला टोमणे मारायच्या, "मुलगा मोर्च्यात आणि घरात गुजराथ्याचे गालिचे! काय म्हणावं बाई!"

आई सुईतून मान वर न काढता म्हणायची, "गालिचा कुठल्या भाषेत बोलतो ते ऐकून सांगा हो मला, काकू."

हसायची ती, पण दादा घरी येईपर्यंत जेवायची नाही.

एके दिवशी दुपारी गोळीबाराचे आवाज आले. आधी मला फटाकेच वाटले. आईनं सुई खाली ठेवली, एवढंच मला आठवतं. मग जिन्यात धावपळ झाली आणि दोन मुलांनी दादाला धरून आणला. पोटरीतून गोळी आरपार गेलेली. आईनं त्याला मोरीत बसवलं, घागरीनं पाणी ओतलं, हळद दाबली, धोतर फाडून बांधलं. इस्पितळात न्यायची सोय नव्हती. तिथे गेलं की पोलीस उचलतात, असं सगळे म्हणत होते. खरं-खोटं कोण बघायला जाणार?

मुलांनी त्याला पोटमाळ्यावर चढवला आणि ती पळाली. पोटमाळ्याच्या फळ्यांना बोटबोट फटी. रक्त खाली ठिबकलं असतं. आईनं ढिगातला सगळ्यांत जाड गालिचा ओढला, बुखाऱ्याकडचा, हत्तीच्या पावलाएवढे ठसे असलेला गर्द लाल, आणि दादाच्या खाली सरकवला. आमच्या आजीच्या आजीच्या वयाचा असेल तो.

मी मोरीच्या खिडकीतून खाली वाकले. मोरीचं पाणी नळीनं खाली घरगल्लीत, म्हणजे दोन चाळींमधल्या बोळात, पडायचं. दादाला धुतलेलं ते सगळं पाणी लालभडक होऊन गटारातून चाललं होतं, आणि गटाराशी एक हवालदार उभा होता. लपलेली पोरं शोधायला आलेला. त्यानं पाण्याकडे बघितलं. मग नळीच्या मागोमाग नजर वर, वर, वर आणली, ती थेट माझ्या तोंडावर.

"आई, पोलीस!" मी म्हटलं, की नुसतीच ओठ हलवत होते, देव जाणे.

आईनं एक क्षण डोळे मिटले. मग गालिच्यांच्या ढिगाकडे धावली. मला समजलं. लाल गालिचा धुतोय असं दाखवायचं! मला वाटलं, सगळ्यांत लाल तो, जो वर दादाखाली आहे. मी शिडी चढून त्याचं टोक ओढायला लागले. दादा कळवळला.

"सोड तो!" आई दातांवर दात ठेवून म्हणाली. "तो मंजिष्ठेच्या मुळांचा पक्का रंग आहे. शंभर वर्षं धुतलास तरी रंग सोडणार नाही. खाली उतर!"

तिनं ओढला तो मिर्झापूरचा, नवाकोरा, पांढऱ्या काठाचा. दिसायला जेमतेम गुलाबी-लाल, पण रंग कच्चा. शेठनं नुसती झालर बांधायला पाठवलेला. तो मोरीत टाकला, वर मूठभर धुण्याचा सोडा फेकला, आणि दारावर दंडुका वाजला.

ठक. ठक. ठक.

मीच दार उघडलं. हवालदार घाटावरचा होता, मिशीला घाम आलेला.

"पानी लाल कशापायी, ओ बाई?"

"गालिच्याचा रंग सुटलाय," आई म्हणाली. तिचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

"कोन आलं हुतं वर?"

"कोण येणार? मी आणि ही पोर."

"मंग ओता पानी. बगू द्या."

आईनं घागर उपडी केली. पाणी गालिच्यावरून वाहिलं, आणि निघालं ते फिक्कं, जेमतेम गुलाबी. तेवढ्यात वर पोटमाळ्यावर दादा कण्हला. बारीकच, पण मला ते ढग गडगडल्यासारखं ऐकू आलं. आईनं झटकन धोपटणं उचललं आणि गालिचा धडाधड बडवायला लागली. "मेला कच्चा रंग! शेठला काय सांगू मी आता! आग लागो ह्या मालाला!" बडवतेय, ओरडतेय, डोळ्यांतून खरंखुरं पाणी. आणि सोडा मुरल्यावर गालिच्यानं रंग टाकला बाई! कुंकवासारखं लाल पाणी, भळाभळा. पांढरा काठ बघता बघता गुलाबी झाला.

हवालदारानं वाकून बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. सोड्याचा भपकारा आला असणार. नाक मुरडून म्हणाला, "फसवलं की तुमास्नी दुकानदारानं," आणि धोतराला लाल बोट लागणार नाही अशा बेतानं हात झटकत जिना उतरला. कसलं धोतर! अर्धी चड्डी होती त्याची. बघ, भीतीनं आजही मी काहीच्या बाही बोलते.

ताप उतरल्यावर दादाला कोकणात मामाकडे पोचवला. पण आईची भीती गेली नाही, कारण शेठ यायचा होता. बुखाऱ्याचा गालिचा तिनं थंड पाण्यात रिठ्यानं धुतला होता, तरी त्याच्या उलट्या बाजूला तळव्याएवढा डाग राहिला. शेठ पोलिसांकडे तोंड उघडेल, ही धास्ती. बाहेर मराठी-गुजराती असं वातावरण, त्याच्या मनात काय असेल कोण सांगणार?

शेठ आला. सवयीप्रमाणे त्यानं गालिचा उलटा केला. बोट फिरवता फिरवता डागाशी थांबला. आई भिंतीला टेकून उभी.

"बेन, तुझा छोकरा कुठे?"

"गावाला गेला."

"चालत गेला?"

"चालत."

"मग सारूं," शेठ म्हणाला, आणि त्यानं गालिच्याची गुंडाळी करायला घेतली, डागाची बाजू आत. जाताना त्या विटलेल्या मिर्झापुरीकडे बघून म्हणाला, "हा तुझ्याकडेच राहू दे. दुकानात ठेवला तर लोक मला हसतील."

तोच हा, माझ्या पलंगाखालचा, गुलाबी काठाचा. दादा पुढे पुष्कळ जगला, थोडा लंगडत. मी मात्र अजून मोरीत पाणी सोडलं की वाकून रंग बघते.

तर तुझा तो गालिचा आता उन्हात नको टाकूस, सावलीत वाळव. कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचा असतो, मी शिकवीन. पुढच्या खेपेला तो घेऊनच ये. लवकर ये गं, वाट बघायला लावू नकोस. आणि दार नुसतं ठोठावू नकोस. जिन्यातूनच मोठ्यानं हाक मार, म्हणजे कळेल मला की तू आहेस.