मुरुडच्या उन्हात लोकर

लोकरीचा गुंडा नुसता टेबलावर ठेवला तरी संध्याकाळपर्यंत त्याला काय काय चिकटतं. केस, धूळ, शेजारच्या मांजराची लव. पुरुषाच्या हातात विणायच्या सुया दिसल्या की किस्से अगदी तसेच चिकटतात. मी काही करत नाही, मी फक्त विणतो. बाकी सगळं लोक करतात.

माझं मुरुडच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याचे पंप, मिक्सर, पंखे. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि हात मोकळा झाला की लोकर. मित्र विचारतात, "विनायक, हे खूळ आलं कुठून?" तर ऐका.

*

एकदा नारळाच्या झाडात अडकलेली वायर सोडवायला शिडीवर चढलो आणि शिडीसकट खाली आलो. पाय प्लास्टरमध्ये. अलिबागच्या दवाखान्यात पडून पडून मी सगळ्या वॉर्डाला वैताग आणला. ह्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, त्या ट्यूबचा चोक बदला, कूलरला तेल द्या. शेवटी तिथल्या सिस्टर आपल्या पिशवीतून दोन सुया आणि निळी लोकर घेऊन आल्या.

"हातांना काम नाही म्हणून तुमचं तोंड चालतं," त्या म्हणाल्या आणि मला टाके घालायला शिकवले. सुलट, उलट. सुलट, उलट.

मला घबाडच सापडलं. अहो, वाइंडिंगच की हे. एक वेढा चुकला की पुढचं सगळं चुकलं. जेवणाचं ताट आलेलं कळेना, पाय दुखतोय ते आठवेना. मफलर करायला घेतला होता, पण वाटेत टाके गळत गेले आणि मफलर निमुळता होत होत टोकाला संपूनच गेला. घरी आल्यावर मोठ्या ऐटीत बायकोच्या हातात ठेवला. सुलभाने तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"छान झालाय," ती म्हणाली. "काय झालंय?"

*

मग मी दुकानात विणायला लागलो. काउंटरच्या मागे स्टूल टाकून मस्त स्वेटरचा गळा काढत होतो, तेवढ्यात काशीदकडे बंगला असलेल्या एक मॅडम पंपाची मोटार घेऊन आल्या. मला बघितलं, सुयांकडे बघितलं, पुन्हा बाहेर जाऊन पाटी वाचून आल्या.

"मिस्त्री नाहीत का?"

"मीच मिस्त्री."

त्यांचा विश्वास बसेना. तेवढ्यात सुलभा मागच्या दाराने माझा डबा घेऊन आली. हाताला काळं ग्रीस लागलेलं, कारण येताना सायकलची चेन पडली होती. मॅडमचा चेहरा एकदम उजळला. मोटार सरळ तिच्यापुढे ठेवत म्हणाल्या, "ताई, उद्यापर्यंत होईल ना?"

सुलभा क्षणभरही अडखळली नाही. "मोटार होईल हो. ह्यांच्याकडून माझा स्वेटर कधी होतोय, तेवढं विचारा."

*

"मुरुडात स्वेटर घालणार कोण?" हा प्रश्न मला गावातल्या प्रत्येकाने विचारलाय. इथे जानेवारीतसुद्धा लोक पंखा लावून झोपतात. पण माझं एक हक्काचं गिऱ्हाईक आहे. इकबाल. तो जेट्टीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात काम करतो. बर्फाच्या लाद्या ठेवतात त्या खोलीत दिवसभर उभं राहून त्याची बोटं बधिर व्हायची. मी त्याला जाड स्वेटर, कानटोपी आणि अर्ध्या बोटांचे हातमोजे करून दिले. तो इतका खूश झाला की मलाच घट्ट मिठी. त्या दिवशी मला हवेत चालल्यासारखं वाटत होतं.

आता हा इकबाल भर मे महिन्यात दुपारी त्याच अवतारात चहा प्यायला बाजारात येतो. एकदा किल्ला बघून आलेले पर्यटक टपरीवर घामाने निथळत उभे होते. त्यातला एक जण काळजीने म्हणाला, "चाचा, एवढ्या उन्हात स्वेटर? ताप आहे का?"

इकबालने बशीतल्या चहावर फुंकर मारली. "नाही हो," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसात एसी जरा जास्त ठेवतात."

*

दुकानाच्या बाकावर रोज येऊन बसणारा माणूस म्हणजे दामूनाखवा. स्वतःची होडी, भारदस्त मिशा, आणि आवाज असा की पलीकडच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघतं. पहिल्या दिवशी मला विणताना बघून त्याने कपाळावर हात मारला.

"आरं विन्या, ह्ये बायकांचं काम हाय."

"नाखवा, तुम्ही जाळं विणता ते?"

"त्यात मासळी घावते. तुझ्यात काय घावनार, सर्दी?"

पण बाकावर बसून त्याची नजर सारखी सुयांवर. एकदा मी गिऱ्हाइकाचा पंखा उतरवायला गेलो. परत येतो तर माझ्या स्वेटरची बाही दामूनाखव्याच्या मांडीवर. "टाका सुटला व्हता तुझा," तो म्हणाला. "मी बांधला."

बघितलं तर जाळ्याला मारतात ती गाठ. पक्की. मी सुईने सोडवून बघितली, सुटेना. नखाने सोडवून बघितली, सुटेना. शेवटी पकड घेतली.

"सोडवतोस कशाला?" नाखवा तुच्छतेने म्हणाला. "पन्नास किलोचा मासा लागला तरी त्यो हात तुटनार न्हाय."

*

अलिबागला एका महिला मंडळाने विणकामाची स्पर्धा ठेवली होती. कोणालाही भाग घेता येईल, असं लिहिलेलं, म्हणून मी नाव दिलं. मी आणि सुलभा हॉलच्या दारात पोचलो तर बिल्ला लावलेल्या एक काकू म्हणाल्या, "स्पर्धक ताई आत या. सोबतचे पुरुष बाहेर बसतील."

आणि सुलभा खरंच आत गेली! मी बाहेर नवरेमंडळींत. माझं नाव पुकारलं तेव्हा कुठे घोळ मिटला आणि आमची अदलाबदल झाली. आत सगळ्या जणी सुया सरसावून तयार. शिट्टी वाजली, सुया चालू झाल्या, आणि मी काय वेगाने चाललो होतो म्हणून सांगू. शेजारच्या आजी चष्म्यावरून बघायला लागल्या. इतक्यात वीज गेली. पंखे बंद. तळहाताला घाम सुटून लोकर सरकेना.

बिल्ल्यावाल्या काकू माझा फॉर्म घेऊन जवळ आल्या. "तुम्ही इलेक्ट्रिकचं काम करता ना हो?"

काय करणार? गेलो, फ्यूज बांधला, परत आलो. तरी तिसरा नंबर आला. बक्षीस साडी. मोरपंखी.

सुलभाने ती अंगावर धरून आरशात बघितलं. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही रंग बरोबर आणलात."

रंग मी निवडला नव्हता, काकूंनी हातात दिली ती साडी घेतली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

*

आणि आता दामूनाखव्याच्या नातीची गोष्ट.

नाखव्याच्या सुनेचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता, आणि एका सकाळी अचानक कळा सुरू झाल्या. मुलगा होडी घेऊन समुद्रात. नाखवा धावत दुकानात आला. मी शटर ओढलं, गाडी काढली आणि सुनेला, नाखव्याच्या बायकोला आणि नाखव्याला घेऊन अलिबाग गाठलं. दुपारी मुलगी झाली. इवलीशी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं.

नर्स बाहेर येऊन म्हणाली, "बाळाला ऊब फार जपायला लागेल. डोक्याला बसेल अशी मऊ टोपी आणा."

नाखवा बाजारात पळाला. मे महिना. दुकानादुकानांत गॉगल आणि उन्हाच्या हॅट. महत्प्रयासाने त्याने एक टोपरं आणलं, तर त्यात ते बाळ अख्खं मावलं असतं. नाखवा ते टोपरं हातात धरून उभा. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"विन्या," तो म्हणाला. "विण."

सुया आणि सुलभाच्या स्वेटरची उरलेली गुलाबी लोकर गाडीत होतीच. नर्सला माप विचारलं तर तिने मूठ आवळून दाखवली. तेवढं डोकं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. एवढी बारीक वस्तू मी कधी केली नव्हती. नाखवा समोर जमिनीवर बसून दोन्ही हातांनी गुंडा धरून हळूहळू लोकर सोडत होता. मध्येच एक टाका सुटला. त्याचा हात पुढे आला आणि मागे गेला. "मी हात लावत न्हाय," तो पुटपुटला.

टोपी झाली. धुतली. ज्या उन्हावरून मला सगळं गाव चिडवतं, त्या उन्हात ती बघता बघता वाळली. नर्स ती आत घेऊन गेली. थोड्या वेळाने तिने काचेतून आम्हाला खूण केली. गुलाबी टोपीखाली नाकाचा एक ठिपका दिसत होता. तो हलत होता. नाखव्याने काचेवर तळहात टेकला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

पोर तगली. घरी आली, अंग धरलं, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ती टोपी तिच्या डोक्यात शिरेना एवढं डोकं झालं.

पौर्णिमेला आमच्याकडे कोळीवाड्यातून वाजतगाजत मिरवणूक जेट्टीवर जाते. मीही गेलो. सगळ्यांच्या हातात नारळ. कोणाचा सोनेरी कागदात, कोणाचा हळदकुंकू लावलेला. दामूनाखवा नव्या सदऱ्यात सगळ्यांच्या पुढे, आणि त्याच्या हातातल्या लहानशा नारळावर ती गुलाबी टोपी.

त्याने हात जोडले, वाकला आणि नारळ अलगद पाण्यात सोडला. टोपी घातलेला नारळ लाटेवर डुलत डुलत निघाला. बेंजोवाला वाजवायचा थांबून आ वासून बघत राहिला.

"नाखवा," त्याने विचारलं, "नारळाला टोपी कशाला?"

नाखव्याने नारळावरची नजर हलवली नाही.

"तू बेंजो वाजीव," तो म्हणाला.